जमावबंदीच्या काळात मागितलेली घराची भरपाई

सार्वजनिक संस्थेने बांधून विकलेल्या घराचे छत गळून पडू लागले, तर भरपाई कोणाकडे, कशी आणि किती मुदतीत मागायची, हा प्रश्न ग्वाल्हेरमधील आमच्या वसाहतीपुढे 2019 च्या पावसाळ्यात उभा राहिला. त्याची तड लावण्याच्या खटपटीत आम्ही असतानाच करोनाची साथ आली आणि चार माणसांनी एकत्र येऊन गाऱ्हाणे मांडणे हाच गुन्हा ठरू लागला. घर सदोष असणे आणि त्याबद्दल उघडपणे बोलण्याला बंदी असणे या दोन्ही गोष्टी आम्हाला एकाच वेळी सोसाव्या लागल्या. त्या काळात आम्ही काय केले आणि कायदा आम्हाला कोठे उपयोगी पडला, ते येथे लिहीत आहे. प्रकरणाचा काही भाग अजून निकाली निघालेला नसल्यामुळे संस्थेचे नाव घेत नाही.

लष्कर भागातील वडिलोपार्जित वाड्यातील आमचा वाटा विकून आलेल्या पैशात माझी निवृत्तीची काही पुंजी घालून आम्ही ही सदनिका घेतली. सरकारी संस्थेचे बांधकाम म्हणजे कागदपत्रे चोख आणि फसवणुकीची भीती नाही, एवढाच हिशेब त्यामागे होता, आणि वसाहतीतील बहुतेकांचा हिशेब तोच होता. ताबा 2018 च्या सुरुवातीस मिळाला. रहिवाशांमध्ये मराठी घरे थोडी, बाकीची बहुतेक भिंड-मुरैना भागातून नोकरीनिमित्त शहरात आलेली. मी बँकेत कारकुनी केलेली, त्यामुळे रहिवासी समितीचे चिटणीसपद आपोआपच माझ्याकडे आले. समितीच्या बैठका हिंदीत होत आणि इतिवृत्त मी आधी मराठीत टिपून घेई.

ऑगस्ट 2019 मध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरील एका घरात स्वयंपाकघराच्या छताचा मोठा तुकडा ओट्यावर पडला. त्या वेळी तेथे कोणी उभे नव्हते, म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर एकेक जण आपापल्या घरातील छताकडे पाहू लागला, तेव्हा सळयांच्या रेषेत पडलेले तपकिरी डाग, फुगलेला गिलावा आणि पंख्याच्या हुकाभोवतीचे तडे बऱ्याच घरांत सापडले. संस्थेला आम्ही पत्रे पाठवली. उत्तर आले ते असे, की ही नित्य देखभालीची बाब असून तिची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर आहे. एकदा ठेकेदाराची माणसे येऊन गेली, त्यांनी उघड्या पडलेल्या गंजक्या सळयांवर सिमेंटचा हात फिरवला, त्यावर चुना मारला आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर घरातील वृद्ध आजींची सही घेतली. पुढे ती सही संस्थेच्या लेखी उत्तरात रहिवाशांच्या समाधानाचा पुरावा म्हणून आमच्यासमोर आली.

देखभालीतील हयगय आणि बांधकामातील दोष यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते तोंडी सांगून कोणी मान्य करत नाही. त्यामुळे फेब्रुवारी 2020 मध्ये स्थापत्यशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना आम्ही बोलावले. त्यांनी पंख्याच्या हुकाजवळ छिन्नीने काँक्रीटचा कोपरा उडवला, ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावरची भुकटी बारीक ब्रशने झाडली आणि त्यावर औषधाच्या फवारणीच्या बाटलीतून फिनॉल्फथॅलिनचे द्रावण मारले. खोलवरचा भाग क्षणात गडद गुलाबी झाला, पण सळईच्या भोवतालचा थर होता तसाच करडा राहिला. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा टिकून असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की ती अल्कधर्मिता नाहीशी होते, पापुद्रा जातो, सळई गंजते आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने तो वरचे आवरण ढकलून पाडतो. हे सर्व होण्यास चांगल्या काँक्रीटमध्ये कित्येक दशके लागतात. आमच्याकडे ते दोन वर्षांत दिसू लागले, याचे कारण त्यांनी पोलादी पट्टीने मोजून दाखवले. सळईखालचे आवरण कोठे 8 तर कोठे 6 मिलिमीटर भरले. भारतीय मानक 456 नुसार अगदी सौम्य हवामानातही ते 20 मिलिमीटर असावे लागते, आणि 12 मिलिमीटरपर्यंतच्या सळईसाठी त्यात 5 मिलिमीटरची सूट आहे. शिवाय काँक्रीट सच्छिद्र होते, म्हणजे ओतताना ते नीट दाबले गेले नव्हते आणि त्यावर पुरेसे दिवस पाणी मारले गेले नव्हते. राहणाऱ्याने घर कितीही निगुतीने ठेवले तरी स्लॅबच्या पोटातील सळई त्याला खाली-वर करता येत नाही. प्राध्यापकांनी छायाचित्रांसह अहवाल दिला आणि आमच्या हातात पहिल्यांदा काही ठोस आले.

अहवालाची प्रत संस्थेला देऊन मार्चअखेर फूलबागेत एक दिवसाचे धरणे धरायचे ठरले होते. ग्वाल्हेरमध्ये कर्मचारी असोत, विद्यार्थी असोत की शेतकरी, ज्याला आपले म्हणणे शहराला ऐकवायचे असते तो बहुधा फूलबागेतच येऊन बसतो. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून देशभर टाळेबंदी लागली आणि धरण्याचा विषय संपला. त्याबद्दल आमच्यापैकी कोणाचीही तक्रार नव्हती, आजही नाही. श्वासातून पसरणारा रोग असताना गर्दी थांबवणे हे सरकारचे कर्तव्यच होते. माझी तक्रार त्यानंतरच्या काळाबद्दल आहे, जेव्हा गर्दीला मुभा मिळू लागली आणि ती मुभा माणूस पाहून मिळते आहे की काय, अशी शंका येऊ लागली.

दुसरा पावसाळा आला तसे आणखी काही घरांचे पोपडे पडले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ऑगस्टअखेरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार 21 सप्टेंबर 2020 पासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेर सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक आणि राजकीय कार्यक्रमांना 100 माणसांच्या मर्यादेत, मुखपट्टी आणि अंतराच्या अटींवर परवानगी मिळू लागली होती. आम्ही 40 जणांच्या, दोन तासांच्या, घोषणा न देता बसण्याच्या कार्यक्रमासाठी अर्ज केला. अर्जासोबत खुर्च्यांमधील अंतर दाखवणारा नकाशाही जोडला होता, तो माझ्या पुतण्याने आलेखाच्या कागदावर काढला होता. ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता तेथे तो घेतला गेला, पण उत्तर मिळाले ते तोंडी. “ताई, ही वेळ आहे का बसायची? तुमचीच तब्येत सांभाळा,” असे तेथील साहेब अगदी आपुलकीने म्हणाले. नकार लेखी द्या, म्हणजे आम्हाला तो वरिष्ठांसमोर ठेवता येईल, अशी विनंती केली तेव्हा आपुलकी आटली. लेखी काही मिळाले नाही.

याच आठवड्यांत ग्वाल्हेरमध्ये निवडणुकीचा धुरळा उडाला होता. मध्य प्रदेशातील 28 विधानसभा जागांच्या पोटनिवडणुका 3 नोव्हेंबरला होणार होत्या आणि त्यांत ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा या तीन जागा आमच्या जिल्ह्यातील होत्या. सभा, मिरवणुका, स्वागताच्या कमानी यांना खंड नव्हता. अखेर उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने 20 ऑक्टोबरला एका जनहित याचिकेत आदेश दिला, की दूरस्थ पद्धतीने प्रचार करणे खरोखर अशक्य असल्याचे दाखवल्याशिवाय प्रत्यक्ष सभांना परवानगी देऊ नये. उमेदवाराच्या प्रचाराच्या हक्कापेक्षा नागरिकांचा जगण्याचा आणि आरोग्याचा हक्क वरचा आहे, असा त्यामागचा विचार होता. 26 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि सभा पुन्हा सुरू झाल्या. मला यात कोणत्या न्यायालयाचे बरोबर हे सांगायचे नाही. माझा मुद्दा एवढाच, की उमेदवाराच्या हक्काची बाजू मांडायला आठवड्याभरात दिल्लीपर्यंत यंत्रणा धावली आणि आमचा नकाशा जोडलेला अर्ज मात्र फाईलमध्ये पडून राहिला.

आमचे वकील मूळचे दौलतगंजचे, बोलायला तिरकस पण कायद्याला पक्के. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलेल्या काही गोष्टी समितीच्या वहीत मी त्याच दिवशी टिपून ठेवल्या होत्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(ब) ने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद 19(3) ने त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा दिली आहे ती देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था एवढ्याच कारणांसाठी. सार्वजनिक आरोग्याचा तेथे स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे साथीच्या काळात जमावबंदी करताना सरकारला एकतर सुव्यवस्थेच्या दारातून यावे लागते किंवा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा आधार घ्यावा लागतो. दोन्ही दारे उघडी आहेत हे वकिलांनी लगेच स्पष्ट केले, परंतु दारातून येताना काही पथ्ये पाळावी लागतात. काश्मीरमधील निर्बंधांबद्दलच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी, म्हणजे साथ येण्याच्या तोंडावरच, सांगितले होते की तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खालील जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत कारणीभूत वस्तुस्थिती नमूद असली पाहिजे, निर्बंध गरजेपेक्षा जास्त असता कामा नये आणि वैध मतप्रदर्शन दडपण्यासाठी या कलमाचा वापर करता येणार नाही. तोंडी नकार या कसोटीवर कसा उतरणार, असे मी विचारले. तेव्हा ते म्हणाले, “उतरत नाही, पण ते सिद्ध करायला तुम्हाला आधी उच्च न्यायालयात जावे लागेल, आणि तोवर छताचा उरलेला भागही खाली आलेला असेल.”

परवानगीशिवाय बसावे, असे समितीतील तरुणांचे मत होते. वकिलांनी त्यांना परिणाम वाचून दाखवले. भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली आदेशाचे उल्लंघन मानवी जीविताला धोका निर्माण करणारे असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 51 खाली ती एक वर्षापर्यंत जाऊ शकत होती. कलम 188 च्या प्रकरणात संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नव्हते, त्यामुळे अशी अनेक प्रकरणे पुढे टिकत नसत, हे खरे. पण प्रकरण निकाली निघेपर्यंतच्या काळात पासपोर्टची पडताळणी आणि नोकरीतील चारित्र्याचा दाखला अडतो, आणि आमच्या वसाहतीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले होती. त्यातच 7 ऑक्टोबरला शाहीनबागेच्या प्रकरणात निकाल आला, की विरोध नेमून दिलेल्या जागीच व्हावा आणि सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळ अडवता येणार नाहीत. आम्ही रस्ता अडवणार नव्हतोच, पण नेमून दिलेल्या जागेची परवानगीच मिळत नसेल तर त्या निकालाचा उरलेला अर्धा भाग आमच्यापुरता कोरा राहतो, हेही दिसत होते.

शेवटी मार्ग काढला तो खालच्या मजल्यावरील एका वहिनींनी. छतावरून पडलेला प्रत्येक तुकडा त्या फेकून न देता दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरून ठेवत असत, कारण ठेकेदाराने पुन्हा येऊन सगळे नाकारले तर दाखवायला असावे. प्रत्येक घराने तसेच करायचे, पिशवीवर सदनिकेचा क्रमांक, खोली आणि पडल्याची तारीख लिहायची आणि ती पिशवी आपापल्या गॅलरीच्या कठड्याला बांधायची, असे ठरले. आपल्या घरात आपण काय टांगावे याला जमावबंदी लागू होत नाही. दिवाळीपर्यंत रस्त्याकडच्या तीन इमारतींच्या गॅलऱ्यांतून आकाशकंदिलांच्या जोडीने या पिशव्या लटकत होत्या आणि येणारे-जाणारे थांबून विचारत होते. एका स्थानिक वर्तमानपत्राने छायाचित्र छापले. त्यानंतर संस्थेचे एक अभियंते पाहणीसाठी आले, त्यांनी खालूनच छायाचित्रे घेतली आणि आधी त्या पिशव्या काढा, मग पाहू, असे सुचवले. कोणीही काढल्या नाहीत. या पिशव्यांचा खरा उपयोग मात्र पुढे झाला. कोणत्या घरातील, कोणत्या खोलीतील तुकडा केव्हा पडला याची नोंद त्यामुळे आपोआप तयार झाली होती आणि तक्रारीसोबतची परिशिष्टे मी त्यांवरूनच केली.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल फार लिहिण्याची इच्छा नाही. समितीचे अध्यक्ष त्या लाटेत गेले. त्यांच्या घरातील कागद आमच्याकडे यायलाही बरेच महिने लागले आणि तेवढा काळ कामही थांबले.

जूनमध्ये डब्लिनला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने तिकडची बातमी पाठवली. आयर्लंडच्या डोनेगल आणि मेयो या भागांत हजारो घरांच्या भिंती भुसभुशीत होऊन ढासळत होत्या, कारण बांधकामाच्या काँक्रीट ब्लॉकमध्ये डोनेगलला मुख्यतः अभ्रकाचे आणि मेयोला पायराइट या खनिजाचे प्रमाण नको इतके होते. तेथील सरकारने 2020 मध्ये दुरुस्तीचा 90 टक्क्यांपर्यंत खर्च देणारी योजना आणली होती. उरलेले 10 टक्के आणि योजनेबाहेर राहणारे खर्चही झेपत नाहीत, असे म्हणत हजारो घरमालक साथ पुरती ओसरलेली नसतानाही 15 जून 2021 रोजी राजधानीत मोर्चाने आले. नोव्हेंबरअखेरीस सरकारने पूर्ण खर्चाची, घरामागे 4,20,000 युरोंच्या कमाल मर्यादेची सुधारित योजना जाहीर केली आणि 2022 मध्ये तसा कायदा केला. तेथे ब्लॉक खासगी उत्पादकांचे होते, घरे लोकांनी स्वतः बांधली होती, तरी हा भार करदात्यांनी वाटून घ्यावा असे त्या समाजाने ठरवले. आमची घरे तर सार्वजनिक संस्थेनेच बांधलेली होती आणि आपल्याकडे दोषाबद्दलची भरपाई ज्याची त्याने, स्वतंत्र तक्रार करून मिळवायची असते. ही तुलना मी बैठकीत मांडली तेव्हा एका गृहस्थांनी, तिकडची लोकसंख्या आपल्या एका जिल्ह्याएवढी, असे सांगून विषय संपवला. मला ते उत्तर पटलेले नाही, कारण सदोष घरांची संख्या देशाच्या लोकसंख्येवर ठरत नाही.

तक्रार कोठे करायची यावर बराच खल झाला. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या 2016 च्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणला तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो, न केल्यास भरपाई द्यायची असते, आणि सार्वजनिक संस्थादेखील त्या कायद्याच्या दृष्टीने विकासकच असते. पण राज्याचे रेरा प्राधिकरण भोपाळला. दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण कायद्याचा होता. रेरा असला तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2020 च्या इम्पीरिया स्ट्रक्चर्स निकालात स्पष्ट केलेच होते आणि जिल्हा आयोग आमच्या शहरात होता. ज्येष्ठ मंडळींचा कौल त्यामुळे आयोगाकडे पडला.

एक अडचण मात्र आम्हाला अपेक्षित नव्हती. 2019 च्या कायद्याचे कलम 35(1)(क) समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकच प्रातिनिधिक तक्रार करू देते. आम्हाला तेच हवे होते. परंतु अशा तक्रारीत सर्वांनी दिलेल्या किमतींची बेरीज धरली जाते आणि तेव्हा जिल्हा आयोगाची मर्यादा एक कोटी रुपयांची होती. आमच्या सदनिका 15 ते 20 लाखांच्या दरम्यानच्या, म्हणजे सात घरे एकत्र आली तरी प्रकरण राज्य आयोगाकडे, पुन्हा भोपाळलाच. वकिलांचा सल्ला असा पडला, की प्रत्येकाने स्वतंत्र तक्रार द्यावी, सर्वांचा मसुदा आणि तज्ज्ञ अहवाल एकच ठेवावा आणि सर्व प्रकरणे एकत्र ऐकावीत असा अर्ज करावा. 10 ते 20 लाखांच्या व्यवहाराला शुल्क 400 रुपये होते, त्यामुळे पैशाचा प्रश्न आला नाही. पण आधी रस्त्यावर एकत्र बसता आले नव्हते आणि आता कागदावरही सुटे-सुटेच बसावे लागत होते. शिवाय स्वतंत्र तक्रार म्हटल्यावर काही घरे मागे सरली. भाड्याने दिलेल्या सदनिकांच्या मालकांना कोर्टाची पायरी नको होती, तर सरकारी नोकरीतील दोघांना सरकारी संस्थेविरुद्ध नाव नको होते. जमावात ही माणसे आमच्याबरोबर नक्की बसली असती. चाळिसांत मिसळून बसणे आणि आपल्या एकट्याच्या नावाने प्रतिज्ञापत्र करणे यात किती फरक पडतो, हे मला तेव्हा जवळून पाहायला मिळाले.

नोव्हेंबर 2021 मध्ये तक्रारी दाखल झाल्या. संस्थेचा पहिला आक्षेप मुदतीचा होता, कारण कलम 69 प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत यावे लागते आणि छत तर ऑगस्ट 2019 मध्ये पडले होते. येथे सर्वोच्च न्यायालयाचा स्वतःहून दिलेला आदेश आमच्या कामी आला. 23 मार्च 2020 पासून वेळोवेळी वाढवत, शेवटी 10 जानेवारी 2022 च्या आदेशाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सर्व काळ मुदतीतून वगळण्यात आला. आमच्या खाती त्यामुळे साथीपूर्वीचे जेमतेम सात महिने मोजले गेले. दुसरा आक्षेप असा, की संस्था नफ्यासाठी काम करत नसल्याने आम्ही तिचे ग्राहकच नव्हे. तो प्रश्न लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात 5 नोव्हेंबर 1993 रोजीच निकाली निघालेला असल्याने त्यावर वेळ गेला नाही. तिसरा आक्षेप मात्र वजनदार होता. काही घरांनी न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या होत्या आणि तेथील ओल त्यामुळे असू शकते, असे संस्थेचे म्हणणे होते. दोन-तीन घरांपुरते ते खरेही होते आणि त्या घरांच्या न्हाणीघराची मागणी आम्ही सोडून दिली. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने नव्याने पाहणी केली तेव्हा आवरणाची मोजमापे आमच्या प्राध्यापकांच्या मोजमापांशी जुळली आणि ठेकेदाराने चुना मारलेल्या जागी आतील गंज वाढल्याचेही नोंदवले गेले. आजींच्या त्या सहीला मग फारसा अर्थ उरला नाही.

आदेश 2023 मध्ये झाला. छतांची शास्त्रशुद्ध दुरुस्ती ठरावीक मुदतीत करून द्यावी, न केल्यास तज्ज्ञाने काढलेला खर्च व्याजासह द्यावा आणि मानसिक त्रास व तक्रारखर्चापोटी प्रत्येक घराला काही रक्कम द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. संस्था अपिलात गेली नाही, पण मुदत उलटून गेली. कलम 71 आणि 72 खालील अंमलबजावणीचे अर्ज दिल्यावर, ज्यात कैदेचीही तरतूद आहे, पैशाचे धनादेश निघाले. दुरुस्ती आम्ही आमच्या देखरेखीखाली करून घेतली: सैल काँक्रीट काढणे, सळयांचा गंज घासून त्यांना संरक्षक लेप देणे, जेथे सळई झिजली तेथे जोडसळई टाकणे आणि मग पॉलिमरयुक्त मॉर्टर भरणे. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांच्या छतांना अर्थातच हात लागला नाही. आमच्या खालच्या मजल्यावरील भाडेकरू आजही पंख्याखाली पलंग ठेवत नाहीत.

हे पैसे कोठून आले, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. संस्थेच्या तिजोरीतून आले, म्हणजे शेवटी लोकांच्याच पैशातून आले, आणि 6 मिलिमीटरवर सळई बांधली जात असताना मोजमाप पुस्तिकेत बरोबर असल्याची नोंद करणाऱ्याच्या खिशातून त्यातला एक रुपयाही आला नाही. एम. के. गुप्ता निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार केला होता. अधिकाऱ्यांच्या मनमानीने झालेल्या छळाची भरपाई संस्थेने ग्राहकाला आधी द्यावी आणि मग ती जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी, असे त्यात म्हटले आहे. आमच्या प्रकरणात अशी जबाबदारी निश्चित झाली का आणि ठेकेदाराच्या अनामत रकमेचे काय झाले, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी 10 रुपयांच्या शुल्कासह दिला. कलम 7 मधील 30 दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आले, की चौकशी चालू असल्यामुळे माहिती देता येत नाही. चौकशी चालू आहे एवढ्या कारणावर माहिती नाकारता येत नाही, माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल हे कलम 8(1)(ज) खाली दाखवावे लागते, असा मुद्दा घेऊन पहिले अपील दाखल केले आहे. त्यासोबत मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रमाणित प्रतीही मागितल्या आहेत, कारण चौकशी काहीही ठरवो, त्या पानांवर कोणाची सही आहे ते वसाहतीला पाहायचे आहे.